दहावा सापडेपर्यंत

आम्हा बेने इस्राएलांच्या इतिहासाची सुरुवातच तीन माणसं कमी पडण्यापासून झाली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला आमच्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. सात जोडपी म्हणजे सात पुरुष. आणि सामुदायिक प्रार्थनेला कमीत कमी दहा लागतात. या दहांच्या कोरमला मिन्यान म्हणतात. म्हणजे अंगावरचे कपडे वाळायच्या आतच कुणीतरी डोळ्यांवर हात धरून 'आणखी तिघे कुठे दिसतायत का' म्हणून किनारा न्याहाळला असणार. ती नजर आमच्या मुकादमांनी अजून टिकवून ठेवली आहे.

मुकादम म्हटल्यावर रस्त्याच्या कामावरचा छत्रीवाला माणूस डोळ्यांसमोर आणू नका. आमच्यात सिनेगॉगच्या प्रमुखाला मुकादम म्हणतात. त्यांच्या जोडीला पैसे सांभाळणारे गब्बाई, प्रार्थना चालवणारे हज्जान, चाव्या आणि दिवाबत्ती बघणारे शम्माश, शिवाय ट्रस्टी. सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी 1796 साली मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधलं, त्या काळापासूनची ही व्यवस्था. 1948 नंतर हळूहळू आमची बहुतेक माणसं इस्रायलला गेली. पदं मात्र इथंच राहिली. त्यामुळे हल्ली माणशी दीड पद पडतं. आमचे शम्माशच गब्बाई आहेत. शम्माश म्हणून ते मेणबत्त्यांचं बिल सादर करतात आणि गब्बाई म्हणून ते फेटाळतात. दोन्ही सह्या एकाच पेनाने होतात, पण दुसरी करताना चेहरा बदलतो.

या साऱ्या व्यवस्थेची परीक्षा होते ती पेसाहला. बायबलच्या मराठीत वल्हांडण. मिसरच्या गुलामीतून इस्राएली लोक इतक्या घाईने निघाले की कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही, याची ही आठवण. म्हणून आठ दिवस घरात आंबलेलं, फुगलेलं काही ठेवायचं नाही; खायची ती मात्झा, म्हणजे न फुगवलेली रोटी. गहू, जव, ओट्स, राय आणि स्पेल्ट या पाच धान्यांपासून झालेलं खमिराचं सगळं वर्ज्य. त्याला हामेत्झ म्हणतात. ज्यांना पूर्वी निघायची एवढी घाई होती, त्यांच्या वंशजांना ती घाई साजरी करायला महिनाभर तयारी करावी लागते.

माझ्या आजीच्या काळी तयारी म्हणजे घराला चुना आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई. कल्हईवाला दारात बसला की आजी त्याच्या समोर पाट टाकून बसायची आणि पातेल्यात स्वतःचं तोंड नीट दिसेपर्यंत त्याला उठू द्यायची नाही. आता कल्हईवाले गेले, चुन्याच्या जागी प्लास्टिक पेंट आला. ती नजर मात्र नातसुनेकडे आली आहे. माझी बायको पेसाहच्या आधी घरात जी झडती घेते ती पाहून आयकर खात्याने शिकायला यावं. पाव, बिस्किटं, शेवया, रवा, मैदा हे तर उघड गुन्हेगार. खरी मजा छुप्यांची. सोया सॉसमध्ये गहू. दुधात घालायच्या पौष्टिक पावडरीत जवाचं माल्ट. माझ्या कपाटातल्या बाटलीतही जवच, फक्त बारा वर्षं मुरलेले. आणि एका वर्षी तिने चष्मा लावून हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचली. बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं! इतकी वर्षं आमटीच्या फोडणीतून आमच्या स्वातंत्र्यावर घाला पडत होता. त्या दिवसापासून पेसाहच्या आठवड्यात आमची आमटी हिंगावाचून होते आणि सगळे तिला छान म्हणतात, कारण दुसरं काही म्हणायची सोय नाही.

मग या मालाचं करायचं काय? धर्माने तोडगा ठेवला आहे: आठ दिवसांपुरता तो यहुदी नसलेल्या माणसाला विकून टाकायचा. हा व्यवहार लुटुपुटीचा नसतो. विक्री खरी मानली जाते. इस्रायलमध्ये तर सरकारी मालकीचं हामेत्झसुद्धा विकतात. मुख्य रब्बींसमोर करार होतो, आणि अबू घोष गावचे एक अरब हॉटेल व्यवस्थापक वर्षानुवर्षं इसाऱ्याची रक्कम ठेवून अख्ख्या देशाच्या हामेत्झचे मालक होत आले आहेत. आमच्या मजल्यावर हे स्थान शेजारच्या काकूंचं आहे. पहिल्या वर्षी बायको म्हणाली, दहा रुपये द्या. काकू म्हणाल्या, दहा कसे देऊ, शुभ काम आहे, अकरा घ्या. मग त्यांनी पिठाच्या डब्याचं झाकण उघडून आत हात घातला, पीठ चिमटीत धरून उजेडात पाहिलं आणि विचारलं, "दळण गेल्या आठवड्यातलं ना?" मालक झाल्यावर माणूस बदलतो. पुढचे आठ दिवस त्या जिन्यात भेटल्या की 'तुमचं पीठ' म्हणत नाहीत, 'माझं पीठ' म्हणतात.

पेसाहच्या आदल्या रात्री शोध. दिवे मालवायचे, मेणबत्ती, पीस आणि लाकडी चमचा घेऊन घरभर हिंडायचं आणि उरलंसुरलं हामेत्झ हुडकायचं. महिनाभर झाडल्यावर घरात सापडणार काय? म्हणून आधीच पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून लपवून ठेवायचे, म्हणजे शोधणाऱ्याचा आशीर्वाद वाया जात नाही. लपवते बायको, शोधतो मी. तिला वाटतं, मला तिच्या लपवण्याची किंमत नाही. मला वाटतं, तिला माझ्या गुडघ्यांची नाही.

एका वर्षी नऊच सापडले. दहावा काही केल्या मिळेना. सोफा हलला, फ्रिज हलला, लग्नाच्या फोटोच्या मागे पाहिलं. बायको ठामपणे म्हणत होती, "दहा ठेवलेत, मोजून ठेवलेत." मेणबत्ती निम्मी झाली तेव्हा दाराची बेल वाजली. शेजारच्या काकू.

"वहिनी, संध्याकाळी आमच्या मुलाने तुमच्याकडून पिठाचा डबा आणला ना, त्याच्या झाकणावर कागदात पावाचा तुकडा आहे. तोही विकलाय का?"

"नाही हो, तो आमचा," बायको म्हणाली.

काकू क्षणभर थांबल्या. "मग अकरातला एक रुपया परत."

बायकोने तो लगेच काढून दिला. सकाळी गच्चीवर ते दहा तुकडे जाळताना वॉचमन वर आला. "साहेब, होळी तर झाली ना?" मी म्हणालो, "तुमची झाली, आमची आज." त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. पेसाह येतो हिब्रू पंचांगातल्या निसान महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे बहुतेक वर्षी चैत्री पौर्णिमेच्या आसपास. 2025 साली तर हनुमान जयंती आणि आमची सेदरची, म्हणजे पेसाहच्या विधिवत जेवणाची, रात्र एकाच दिवशी, 12 एप्रिलला आली. समोरच्या मारुतीच्या देवळातून शिऱ्याचा प्रसाद आला की बायको तो दोन्ही हातांनी घेते, कपाळाला लावते आणि तसाच काकूंकडे पोचवते. रव्याचा असतो. मारुतीराया समजून घेतात; काकू तर फारच समजून घेतात.

संध्याकाळी सिनेगॉग. सूर्यास्ताच्या आधी मुकादमांचा फोन तापलेला असतो. एकजण विरार लोकलमध्ये, एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन, एक मुलाकडे पुण्याला. शम्माश हळूच मोजतात. माणसांना एक-दोन-तीन असं मोजायचं नाही असा आमच्यात संकेत आहे, म्हणून स्तोत्रातलं दहा शब्दांचं एक वचन घ्यायचं आणि माणशी एक शब्द म्हणायचा. नवव्या शब्दाला माणसं संपतात आणि शम्माश दहावा शब्द तोंडात धरून दाराकडे बघत राहतात. मागच्या बाकांवरून माझी बायको म्हणते, "पंधराजणी दुपारपासून स्वयंपाकात आहोत. मोजायच्या वेळी मात्र आमचा शब्दच नाही." यावर मुकादम नेहमी खिशातून रुमाल काढून घाम पुसतात. पंखा चालू असतो.

पंख्यावरून आठवलं. आमचे एक ज्येष्ठ काका आदल्या वर्षी पंख्याच्या वेगावरून भांडून गेले होते. त्यांना तो एकवर हवा होता, मुकादमांना चारवर. 'पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही' असं त्यांनी सिनेगॉगच्या लेटरहेडवरच लिहून दिलं होतं, कारण ते सेक्रेटरीही होते. तर त्या वर्षी दहाव्याचा असा शोध चालू असताना फाटकावरच्या बंदोबस्ताचे हवालदार आत आले. मुंबईवरच्या 2008 च्या हल्ल्यानंतर आमच्या दाराशी पोलीस असतात. हवालदार म्हणाले, "साहेब, बाहेर एक आजोबा पाऊण तास उभे आहेत. आत जा म्हटलं तर म्हणतात, बोलावलं तर जाईन. रजिस्टरमध्ये काय लिहू?"

मुकादम स्वतः फाटकापर्यंत गेले. दोघांचं बोलणं आम्ही कान लावून ऐकलं. माफी नाही, खुलासा नाही.

"मात्झाच्या खोक्याचं विचारायला आलो होतो," काका म्हणाले.

"दोनवर ठेवू," मुकादम म्हणाले.

काका आत आले, आपल्या जुन्या जागेवर बसले आणि वर पंख्याकडे पाहिलं. शम्माशनी दहावा शब्द मोकळा केला.

माझं प्रामाणिक मत आहे की आमचं सिनेगॉग भक्तीपेक्षा अशा भांडणांवर जास्त तगलं आहे. ज्यांचं कुणाशीच भांडण नाही ते पुण्याला मुलाकडे असतात. फाटकाबाहेर पाऊण तास उभा राहतो तो रागावलेलाच.

प्रार्थनेनंतर हॉलमध्ये सेदर. लांबच लांब टेबल, हातात हिब्रू आणि मराठीतली हगादा, म्हणजे सेदरची पोथी. 1874 साली पुण्यात छापलेल्या मराठी हगादेत मात्झा करणाऱ्या बायकांची चित्रं आहेत, आपल्याकडच्या पेहरावात, जमिनीवर बसून. पाणी पिठाला लागल्यापासून अठरा मिनिटांत मात्झा भाजून निघाली पाहिजे, नाहीतर ती हामेत्झ झाली. त्या चित्रांतली एकही बाई गप्पा मारताना दिसत नाही, यावरून ती कामाच्या वेळची असावीत. आता मात्झा खोक्यांतून येते. चवीला म्हणाल तर खाकऱ्याचा चुलतभाऊ, मिठा-मसाल्याशी भांडून वेगळा राहणारा. पण तिच्यावर खजूर शिजवून, गाळून आटवलेला पाक घातला की तीही माणसात येते. चार पेले वाइनचे प्यायचे असतात. आमच्याकडे काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेलं सरबत. आणि जेवणात तांदळाची भाकरी. एकदा अमेरिकेहून पाहुणे आले होते. त्यांच्या परंपरेत पेसाहला तांदूळ नाही, डाळ नाही, मका नाही. आमच्या भाकरीकडे त्यांनी असं पाहिलं की जणू आम्ही परत मिसरला निघालो आहोत. आठ दिवस ते बटाट्यावर राहिले. जाताना मात्र भाकरी कशी थापतात याचा व्हिडिओ घेऊन गेले, अभ्यासासाठी.

सेदरमध्ये सर्वांत लहान मुलाने विचारायचं असतं: आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? हा मान माझा. अर्ध्या चड्डीत होतो तेव्हा मिळाला, आणि मागून कुणी आलंच नाही म्हणून पेन्शनीतही माझ्याकडेच आहे. मी उभा राहतो, चष्मा पुसतो आणि बालसुलभ कुतूहलाने गातो. हज्जान दरवर्षी तेच उत्तर देतात. मुकादमांनी एकदा सुचवलं, आता प्रश्न नवा विचारा. मी म्हणालो, धाकट्याने मोठ्यांच्या पद्धती मोडू नयेत.

शेवटी संदेष्टा एलियाहूसाठी पेला भरतात आणि दार उघडतात. एलियाहू हन्नाबी आमचे फार जवळचे. अलिबागकडच्या खंडाळ्याला त्यांच्या रथाची खूण आहे असं आम्ही मानतो, आणि नवस फेडायला पोहे, खोबरं, फळांचा मलिदा त्यांच्याच नावाने करतो. तर दार उघडलं, आणि दारात हवालदार. "अजून किती वेळ? रजिस्टर बंद करायचंय." त्यांना सरबत दिलं. ते संपवून त्यांनी विचारलं, "तो भरलेला पेला कुणाचा?" मुकादम म्हणाले, "यायचे आहेत एकजण." हवालदारांनी पेन काढलं. "नाव, मोबाइल?"

सेदर संपतो तो 'पुढच्या वर्षी यरुशलेमात' या वाक्याने. ते म्हणून झालं की मुकादम लगेच जाहीर करतात की पुढच्या वर्षीसाठी हॉलच्या खुर्च्यांची वर्गणी आत्ताच द्यावी. विसंगती कुणाला खटकत नाही. माझा आतेभाऊ तिकडे इस्रायलमध्ये, दिमोनात राहतो. तिथला पेसाह सातच दिवसांचा, आमचा आठ. त्यामुळे आमचा सण संपल्यावर मी फोन उघडतो तेव्हा त्याने आदल्या संध्याकाळी पाठवलेला लुसलुशीत पावाचा फोटो येऊन पडलेला असतो. त्या वर्षीही होता. मी काकूंकडून पीठ परत आणलं, आठ दिवसांचं भाडं म्हणून त्यांना दोन पोळ्या कबूल केल्या आणि त्याला फोन लावला.

"तिकडे हापूस आला का?" त्याने पहिलं तेच विचारलं. मी म्हणालो, आला. थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी नक्की येतो. पेसाहला मुंबईतच."

मी हे मुकादमांना कळवलं. त्यांनी लगेच वही काढली.

"पण या वर्षी दहा झाले होते ना?" मी म्हणालो. "तो तर अकरावा होईल."

"लिहून ठेवतो," मुकादम म्हणाले. "पंख्याचं काही सांगता येत नाही."