केल्पचा चित्रगुप्त

अलास्कातल्या केल्पच्या हॅचरीत गेलात तर एक चित्रगुप्त हमखास भेटेल. केल्प म्हणजे थंड समुद्रातलं लांबलचक तपकिरी शेवाळ. हॅचरीत त्याचं बी दोऱ्यावर रुजवतात आणि तो दोरा शेतकरी समुद्रात नेऊन लावतात. बाकीची मंडळी गमबूट घालून पाण्यात; हा गृहस्थ वहीत. कानावर पेन्सिल. पेन नाही, कारण खाऱ्या पाण्याचा थेंब पडला की शाई फुटते. मार्करवर तर त्याचा विशेष दात. कुणीतरी उत्साहाने फ्लास्क अल्कोहोलने पुसतं आणि जंतूंबरोबर नावही जातं. म्हणून चिठ्ठी पेन्सिलीची, वरून पारदर्शक टेप, आणि शिवाय तीच नोंद वहीत.

त्यात सरकारी नियमाने त्याला बळ दिलंय. बी ज्या शेतात जायचं, तिथून 50 किलोमीटरच्या आतलीच मूळ झाडं हवीत, आणि तीही निदान 50. त्यामुळे झाडं गोळा करणारे पिशव्या घेऊन आले की हा दारातच आडवा. "कुठल्या खाडीतलं? किती खोलीवरचं? काढलं कोणी?" आपल्याकडे सोयरीक जमवताना मामाचं कूळ काढतात, तेसुद्धा लवकर आटपतं.

पानांवरचे बीजाणूंचे गडद पट्टे स्वच्छ पुसून रात्रभर गारव्यात जरा सुकवायचे आणि सकाळी थंड समुद्राच्या पाण्यात सोडायचे, की बीजाणू बाहेर पडतात. सूक्ष्मदर्शकाखालची ती वळवळ बघून नवी पोरं हरखतात. हा विचारतो, "मिलिलिटरला किती?" मग दोरा गुंडाळलेल्या नळ्या त्या पाण्यात जातात आणि रकाने सुरू होतात: तापमान, उजेड, खत, पाणीबदल. डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं माजू नयेत म्हणून जर्मेनियम डायऑक्साइड घालतात. घातलं का, असं विचारल्यावर "बहुतेक" म्हणणाऱ्याशी तो दिवसभर बोलत नाही.

त्याचं खरं वैभव तांबड्या दिव्याच्या कपाटात. तांबड्या उजेडात केल्पचे सूक्ष्म नर-मादी फळत नाहीत, नुसते वाढत राहतात. वर्षानुवर्षं सांभाळता येतात. दिसायला मात्र सगळे सारखेच तपकिरी गोळे. चिठ्ठी गळाली की गोत्र गेलं. अशा एका फ्लास्कवर त्याने "बेवारस" लिहून ठेवलंय. फेकवत नाही. वहीत त्याचंही पान आहे.

मागे सगळे हसतात. पेन्सिल कोणी नेली याचीही तो नोंद ठेवतो, हे खरंच आहे.

मग वसंतात एखाद्या शेतकऱ्याचा फोन येतो: शेजारचे दोर भरघोस, हा एकच उघडा कसा? साहेब सगळ्यांकडे बघतात. चित्रगुप्त बोटाला थुंकी लावून पान उलटतो. नळी क्रमांक 14. तिसरा आठवडा. रात्री चिलर बंद, सकाळी पाणी 16 अंश. शेरा: "चिलर दुरुस्तीचं तीनदा सांगितलं होतं." खाली तिन्ही तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे न वाचता केलेली साहेबांची सही.