फुकट विजेचा दुसरा मालक

‘फुकट ते पौष्टिक’ हे ब्रीद घेऊन माणूस अटलांटिकपार आला, तरी त्याची पचनशक्ती बदलत नाही. थॉमस एडिसनने 1882 साली न्यूयॉर्कमध्ये वीज विकायचा धंदा मांडला. त्याच्याच नावाच्या एडिसन या न्यू जर्सीतल्या गावात राहून माझे साडू फुकटची वीज शोधत होते. त्यासाठी त्यांना हवी होती जुनी टेस्ला. एडिसनमध्ये टेस्ला! निकोला टेस्लाने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, की एडिसनच्या कंपनीत काम फत्ते केल्यावर मिळायचे 50 हजार डॉलर ही निव्वळ चेष्टा निघाली. वीजवाल्यांच्या शब्दावर किती विसंबावं, याचा एवढा जुना दाखला घराजवळच होता. पण साडू इतिहास वाचत नाहीत, जाहिराती वाचतात.

जाहिरातीत दर वेळी एकच ओळ ठळक असायची: आजन्म मोफत सुपरचार्जिंग. हे प्रकरण 2012चं. गाडी घ्यायला लोक घाबरत होते, वाटेत वीज संपली तर काय! म्हणून टेस्ला कंपनीने हमरस्त्यांवर चार्जर उभे करायला घेतले आणि मॉडेल एसच्या बहुतेक गिऱ्हाइकांना सांगितलं, भरा लेको कायमचं. गिऱ्हाइकांनी ते इतकं मनावर घेतलं, की घरी प्लग असलेले लोकही चार्जरपुढे रांगा लावू लागले. 15 जानेवारी 2017नंतर गाडी नोंदवणाऱ्यांना मग वर्षाला 400 युनिटांचा शिधा मिळाला. पुढे ओळखीपाळखीच्या योजनेतून फुकट चार्जिंग परत आलं, पुन्हा गेलं. सासुरवाडीला रुसून जाणारे जावईसुद्धा इतक्या फेऱ्या मारत नाहीत.

खरी गंमत जुन्या गाडीत आहे. कोकणात जमीन एकाची, त्यातली कलमं दुसऱ्याची आणि आंब्यांवरचा दावा तिसऱ्याच्या नातवाचा असतो. इथे तसंच. सुरुवातीच्या काही गाड्यांत फुकट चार्जिंगचा हक्क गाडीला चिकटलेला आहे. मालक बदलला तरी तो राहतो. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत तो मालकाला चिकटलेला आहे. गाडी विकली की संपला. आणि पहिल्या जातीची गाडीसुद्धा मालकाने कंपनीलाच परत दिली, तर कंपनी ती धुऊनपुसून, तो हक्क हलक्या हाताने काढून घेऊन पुन्हा विकायला ठेवते. म्हणजे दोन गाड्या, एकच साल, एकच रंग. एक फुकट जेवणार, दुसरी बिल भरणार. अंगावर खूण कुठेच नाही.

साडूंना हे कळल्यापासून ते गाडीचं इंजीन (जे नसतंच), टायर, काचा काही पाहीनात. विक्रेता दिसला की वधूपरीक्षेच्या थाटात एकच प्रश्न: "हक्क कुणाच्या नावावर?" शेवटी महाराष्ट्र मंडळातले एक काका भेटले. त्यांची 2014ची मॉडेल एस अगदी मूळ जातीची. काकांनी गाडीच्या पडद्यावर ती पवित्र ओळ दाखवली आणि त्या ओळीचे तीन हजार डॉलर जास्त सांगितले.

"आपल्या माणसाला एवढे?" साडू म्हणाले.

"आपला माणूस म्हणून तर फुकट चार्जिंगवाली देतोय. परक्याला पेट्रोलची दिली असती."

मी हिशेब मांडायला बसलो. घरी रात्री चार्ज केली, तर खर्च हमरस्त्यावरच्या दराच्या निम्म्याच्या आसपास येतो. तीन हजार डॉलरमध्ये घरची वीज कितीतरी वर्षं पुरेल. शिवाय त्या जातीच्या गाडीच्या बॅटरीची हमी आठ वर्षांची, म्हणजे काकांच्या गाडीची 2022 सालीच संपलेली. वीज आजन्म मिळणार, पण ती ज्यात भरायची त्या बॅटरीची जबाबदारी कुणावरच नाही. साडूंनी कागद उलटा ठेवला. "तुम्ही सगळं पैशात मोजता," असं त्यांनी मला सुनावलं. तीन हजार जास्त देणारा माणूस!

पुण्याच्या मेव्हण्याला फोनवर ही कथा सांगितली, तर तिकडे उलटी तऱ्हा. एमजीची विंडसर 2024 साली आली तेव्हा चार्जिंग वर्षभर फुकट, आणि बॅटरीची हमी आजन्म, पण पहिल्याच मालकाला. दुसऱ्या मालकाला आठ वर्षं किंवा एक लाख 60 हजार किलोमीटर. इकडे वीज अमर आणि बॅटरी मर्त्य, तिकडे बॅटरी अमर, पण मालक बदलला की मर्त्य. जुनी गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला दोन्ही देशांत जो अर्धा भाग येतो, तो बरोब्बर चुकीचा अर्धा. मला तर शंका आहे, की हे करार लिहिणारे पूर्वजन्मी कोकणात वाटणीपत्रं लिहीत असावेत.

साडूंनी गाडी घेतलीच. आता घरातला चार्जर धूळ खातो आणि साडू टोल भरून फुकट चार्जिंगला जातात. तिथे एक कलम त्यांना उशिरा कळलं. गाडी भरून झाल्यावरही जागा अडवून ठेवली, तर गर्दीच्या वेळी मिनिटाला 50 सेंट, स्टेशन पूर्ण भरलं असेल तर एक डॉलर. 2016च्या डिसेंबरपासून हा दंड आहे आणि त्यात आजन्मवाल्यांनाही सवलत नाही. त्यामुळे शेजारच्या हॉटेलात बसलं, की साडूंचा एक डोळा ताटावर आणि दुसरा फोनवर असतो. परवा आम्ही चौघं गेलो होतो. डोसे नुकते आले होते, तेवढ्यात फोन वाजला. साडू अर्धा डोसा हातात घेऊन उठले.

मेहुणीने शांतपणे उरलेले डोसे डब्यात भरले. "घरी जाऊन खा," ती म्हणाली. "तिथली वीज विकतची आहे, पण बसायचे पैसे पडत नाहीत."