दीडशहाणी मर्यादा

न्यू जर्सीतल्या पुतण्याचा दिवाळीतला फोन कर्तव्यापोटी येतो. नोव्हेंबरातला मात्र उमाळ्याने. "काका, लिमिट वाढलं!"

पहिल्या वर्षी आमच्या हिला वाटलं, गाडीच्या वेगाचं. मग उलगडा झाला. तिकडे पगारातून म्हातारपणासाठी 'फोर-ओ-वन-के' नावाच्या खात्यात वर्षाला किती टाकता येतील, तो आकडा कर खातं महागाई बघून दरवर्षी जाहीर करतं. 2025 साली 23,500 डॉलर होते, 2026 साठी 24,500. पन्नाशी गाठलेल्यांना वर आणखी 8,000. साठ ते त्रेसष्ट या वयात 8,000 च्या जागी 11,250, आणि चौसष्टी गाठली की पुन्हा 8,000! आपल्याकडे साठीला शांत करतात, तिकडे मर्यादा वाढवतात.

वाढ 500 च्या पटीत, वरची चिल्लर सरकार सोडून देतं. 2021 साली 19,500 चे 19,500 च राहिले, तेव्हा फोनवर सुतकी आवाज होता. 2023 ला एकदम 2,000 नी वाढले, तेव्हा पोरगा हर्षभरित. अंडी कडाडली म्हणून ते वाढले, हे त्याने काकूला सांगितलं नाही.

आता आमच्याकडचं ऐका. पीपीएफची मर्यादा दीड लाख. 2014 च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी एका लाखाची दीड केली, तेव्हा आमची नात ज्युनिअर केजीत होती. यंदा ती दहावीला आहे. तिची उंची वाढली, क्लासची फी वाढली, डोंबिवलीतल्या वडापावचा भाव वाढला. दीड लाख जागचे हलले नाहीत. रामानंतर इतकं मर्यादापुरुषोत्तम कोणी झालं असेल तर हेच. भविष्यनिर्वाह निधीची 15,000 रुपये पगाराची मर्यादाही 2014 चीच. त्या वर्षी दिल्लीत कोणीतरी आकड्यांवर बहुधा फेव्हिकॉल सांडला.

मर्यादा हलत नाही म्हणून काहीच हलत नाही असं नाही. पीपीएफचं व्याज हलतं, खाली. जानेवारी 2000 पर्यंत 12 टक्के मिळायचं. एप्रिल 2020 पासून 7.1 वर बसलंय. हौसेने जास्त भरलेत तर वरची रक्कम सरकार बिनव्याजी परत करतं. लग्नातला अहेर परत यावा तशी. त्यातून नव्या करप्रणालीत या भरण्यावर वजावटच नाही. म्हणजे करापासून वाचण्यासाठी जे कुंपण घातलं, त्याच्या आतली बागच उचलून नेली. राखणदार मात्र दीड लाखाचा दंडुका घेऊन उभा.

हे सगळं मी अर्थमंत्र्यांना दरवर्षी जानेवारीत कळवतो. चार पानी पत्र, स्पीड पोस्टाने. मर्यादा तीन लाख करा, महागाईला जोडा, अमेरिकेकडे बघा. यंदाच्या पत्राचा मसुदा मी पुतण्याला फोनवर वाचून दाखवला.

"छान झालंय," तो म्हणाला.

"अरे, पण तू स्वतः किती भरतोस?" हिने मागून विचारलं.

तो जरा थांबला. घराचा हप्ता, दोन पोरांचं पाळणाघर... कंपनी स्वतःची भर घालते तेवढ्यापुरतंच भरतो, म्हणाला. साडेचोवीस हजारांच्या जवळपास तो कधी फिरकलेलाही नाही.

मी विजयी मुद्रेने हिच्याकडे बघितलं. ही कपाट उघडून माझं पीपीएफचं पासबुक घेऊन आली. "अहो, पत्र टाकायला पोस्टात जालच, तर हेही न्या."

खातं चालू ठेवायला वर्षाला किमान 500 रुपये लागतात. गेली सात वर्षं मी तेवढेच भरतोय. यंदाचे राहिलेत. 31 मार्च चुकली तर दंड 50 रुपये.