दाब... धर... सोड!

प्रस्तुत लेखक मुलुंड पूर्वेला राहतो आणि स्वतःला फियाटचा डॉक्टर समजतो. पेशंट एकच: अप्पांची प्रीमियर पद्मिनी, चारी चाकांना ड्रम ब्रेक. गॅरेजवाला नुसतं 'बघू' म्हणाला, तेव्हा लेखकाने चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं, "ड्रम उघडायचा, लायनर बदलायचे, बंद करायचा. त्यात काय!"

त्यात काय, ते रविवारी सकाळी ड्रमने दाखवलं. गंजलेला ड्रम हातोडीला दाद देईना. निघाला तेव्हा आतली एक स्प्रिंग लेखकाच्या कपाळाला चाटून थेट तुळशीच्या कुंडीत. काळी पूड तो फुंकरीने उडवणार, तोच मुलगी ओरडली, "बाबा, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं! ओल्या फडक्याने पुसा."

अशा वेळी लेखकाला वालचंद हिराचंद आठवतात. खरं तर ते त्याला लग्नाच्या पंगतीतही आठवतात. जन्म सोलापूरचा, १८८२चा. १९१९मध्ये सिंदिया जहाज कंपनी, १९४०मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना, १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. आपण ज्या कुर्ल्याला गाडी बदलायला उतरतो, तिथे गाड्या बनत होत्या! पद्मिनी हे नाव १९७४मधलं. ३० ऑक्टोबर २०२३ला शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, तेव्हा लेखक सुतक पाळायला निघाला होता...

"पण स्प्रिंग सापडली का?" बायकोने विचारलं.

सोलापूरच्या माणसाने जहाज, विमान, मोटार सगळं केलं. मुलुंडच्या माणसाला एक स्प्रिंग बसवायला दुपारचे तीन वाजले.

मग एअर काढणं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर पायाचा सगळा जोर ती हवा दाबण्यातच जातो आणि पेडल तळाला टेकतं. हे दोघांचं काम. बायको पेडलवर, लेखक चाकाशी आडवा. "दाब! धर!" निपल सैल, फसफसणारं ऑइल बाहेर, निपल घट्ट. "सोड!"

तिसऱ्या चाकाशी तो थबकला. हे खेकसणं त्याचं नव्हतं. दहाव्या वर्षी याच सीटच्या काठावर घसरून, पाय जेमतेम पोचत असताना, त्याने हे तीन शब्द गाडीखालून ऐकले होते. एकदा 'धर'ला त्याने पाय सोडला, हवा परत आत गेली. एरवी खेकसणारे अप्पा तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. पहिल्या चाकापासून पुन्हा सुरू झाले.

"अहो, सोडू का?"

"धर अजून थोडं," तो म्हणाला. हळू आवाजात.

संध्याकाळी सोसायटीच्या आवारात चाचणी झाली. ब्रेक लागला, गाडी डावीकडे ओढली गेली आणि वॉचमनच्या खुर्चीपासून वीतभर अंतरावर थांबली. लेखकाने काच खाली करून विजयी मुद्रेने त्याच्याकडे पाहिलं.

वॉचमन शांतपणे उठला, त्याने खुर्ची उचलली आणि लिफ्टच्या शेजारी नेऊन ठेवली.