‘सर्व्हर डाउन’ या निदानाची चिकित्सा

सेलू तालुक्यातील देवगाव फाटा येथे काय किंवा मराठवाड्यातील अन्य कोणत्याही फाट्यावर काय, पीकविम्याची मुदत संपत आली म्हणजे सेवा केंद्राच्या दारात ‘सर्व्हर डाउन आहे’ एवढेच निदान ऐकू येते. आणि सातबारा, आधार व पासबुक घेऊन रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ते मान्य करण्यावाचून गत्यंतर नसते, कारण पाऊस आणि सर्व्हर यांच्या निर्णयावर अपील चालत नाही. शास्त्रीय दृष्ट्या मात्र हे निदान अनेकदा सदोष ठरते. नोंदी सांभाळणारा तो दूरचा संगणक अशा वेळी पडलेला नसतो. उलट त्याच्या प्रोसेसरचा वापर १०० टक्क्यांना भिडलेला असतो आणि तरीही कोणाचेच काम पुढे सरकत नसते, ही अवस्था कचेऱ्यांच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.

तिचे एक कारण ‘गार्बेज कलेक्शन’ हे असते, म्हणजे वापरून झालेली मेमरी शोधून ती पुन्हा मोकळी करण्याची व्यवस्था. जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या सुमारास लिस्प या भाषेसाठी ती योजली. परंतु १९६० च्या निबंधात ‘कचरा’ हा शब्द छापण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. पुढे उद्योगपतींसमोर झालेल्या प्रात्यक्षिकात ऐन वेळी मेमरी संपली आणि टंकयंत्र सेकंदाला दहा अक्षरे या संथ गतीने कचरा गोळा केल्याचा सविस्तर अहवाल छापू लागले, तेव्हा कोणी तरी चेष्टा केली असावी, असा श्रोत्यांपैकी काहींचा समज झाल्याचे त्यांना वाटले. जावा या भाषेने पुढे या बाबतीत लिखित मर्यादाच घालून दिली: तिच्या एका प्रकारच्या संग्राहकात ९८ टक्क्यांहून अधिक वेळ सफाईत जाऊन २ टक्क्यांहूनही कमी मेमरी हाती लागत असेल, तर यंत्रणा त्रुटी जाहीर करून हात टेकते. हा नियम यंत्रांपुरताच मर्यादित राहिला, हे अन्य क्षेत्रांचे सुदैव.

पोस्टग्रेस या डेटाबेसमधील कचरा अधिक उद्बोधक आहे. तेथे नोंद बदलली तरी जुनी पुसली जात नाही. सातबाऱ्यावर कमी केलेले नाव पूर्वी जसे कंसात टिकून राहत असे, तशी ती मृत ओळ म्हणून तक्त्यात पडून राहते. अशा ओळी तक्त्याच्या साधारण २० टक्क्यांपलीकडे गेल्या की ‘ऑटोव्हॅक्यूम’ हा सफाई कामगार येतो. मात्र ज्याला त्या ओळी अजून दिसू शकतील असा एखादा जुना व्यवहार (ट्रान्झॅक्शन) कोणी उघडा ठेवला असेल, तर या कामगाराला त्या हलवता येत नाहीत. मग तो दर मिनिटाच्या फेरीत परत येतो, त्याच मृत ओळी पुन्हा चाळतो, प्रोसेसर तापवतो आणि रिकाम्या हाताने जातो. अशा वेळी अधिक प्रोसेसर खरेदी करण्याचा जो प्रस्ताव हमखास पुढे येतो, त्याने तीच निष्फळ फेरी फार तर अधिक डौलाने पार पडते.

म्हणून चाणाक्ष तंत्रज्ञ प्रथम चालू व्यवहारांची यादी मागवतो, आणि तीत बहुधा सकाळी उघडलेला, काहीही न करणारा, पण अद्याप न मिटलेला एखादा व्यवहार सापडतो, ज्याचा धनी चहाला गेलेला असतो. अशा व्यवहाराला ठरावीक मुदतीनंतर आपोआप बाहेर काढणारी तरतूद २०१६ च्या ९.६ या आवृत्तीत आली. ती मूळ मांडणीत शून्यावर ठेवलेली असते, आणि शून्य याचा तेथील अर्थ, कोणालाही कधीच उठवू नये असा आहे.