नाक्यावर सैनिक किती?

सप्टेंबर १९४४. दोस्त राष्ट्रांची विमानं जर्मनीतली शहरं रात्रीमागून रात्र जाळत होती. त्याच महिन्यात जॉन फोर्ड नावाच्या अमेरिकन जेझुइट धर्मगुरूने ‘थिऑलॉजिकल स्टडीज’ या नियतकालिकात लिहिलं की हे पाप आहे. स्वतःचा देश लढाईत, समोर हिटलर, विजय टप्प्यात आलेला. अशा वेळी असं लिहिणाऱ्याला घरचेच लोक देशद्रोही म्हणतात. तरी त्याने लिहिलं.

त्या लेखात एक यादी आहे. शंभराहून जास्त कामधंद्यांची. शेतकरी, मासेमार, शिंपी, चांभार, न्हावी, खाटीक, बेकरीवाला, पियानो सुरात लावणारा, टेलिफोनवर बसणाऱ्या मुली, नर्सा, ग्रंथपाल, मोलकरणी, लेकुरवाळ्या आया, दवाखान्यातले रुग्ण, तुरुंगातले कैदी, म्हातारी माणसं, सात वर्षांपुढची पोरं. फोर्डचा प्रश्न सरळ होता. यातल्या कुणाला, कोणत्या न्यायाने, सैनिक म्हणायचं?

ती यादी मी कनेरगाव नाक्याला लावून बघितली.

हिंगोली-वाशीम रस्त्यावरचं आमचं गाव. एकेकाळी इथे निजामाचा मुलूख संपायचा आणि वऱ्हाड लागायचं. आज नाक्यावर कोण आहे? हळदीची पोती उचलणारा हमाल. सोयाबीनचा अडत्या. पंक्चर काढणारं पोरगं. काळीपिवळीचा ड्रायव्हर, एसटीचा कंडक्टर. भज्यांचा घाणा काढणारा हॉटेलवाला. अंगणवाडीताई, आशाताई, लाइनमन, झेडपीचे गुरुजी. खताच्या दुकानात उधारीवर बोलणी करणारा शेतकरी. ऊसतोडीहून परतलेलं जोडपं आणि त्यांच्या कडेवरचं लेकरू. एखादा जवान सुट्टीवर आलेला असेल, त्याच्या येण्याने नाक्याची छावणी होत नाही.

यावर शिकलीसवरली माणसं म्हणतात, आजच्या युद्धात सगळा देशच लढत असतो. इथला दाणा सैन्यही खातं, इथला कर संरक्षणखात्यातही जातो. हा युक्तिवाद शेवटपर्यंत चालवून बघा. जवानाला भाकर वाढणारी आई लढाऊ ठरते. त्याला अक्षर शिकवणारे गुरुजी लढाऊ ठरतात. पाळण्यातलं पोर उद्याचा जवान म्हणून आजच लढाऊ ठरतं. इथवर आलं की नियम काही उरत नाही, वर फक्त विमान उरतं.

थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात स्वसंरक्षणाचा विचार करताना एक भेद सांगितला. एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, एक आपण योजलेला आणि दुसरा न योजलेला. पुढे कॅथलिक नीतिशास्त्राने हा भेद घासूनपुसून लख्ख केला. दारूगोळ्याच्या कोठारावर बॉम्ब टाकला आणि शेजारचं घर पडलं, तर ते भयंकरच. पण ते टाळायचा खरा प्रयत्न झाला होता का, मिळवायचं होतं त्याच्या मानाने झालेली हानी किती, हे विचारता येतं. मात्र घरं पाडायची, कारण घरं पडली की लोकांचा धीर सुटेल आणि धीर सुटला की सरकार नमेल, असा बेत असेल तर विचारायला काही शिल्लक राहत नाही. तिथे माणसांचं मरण हेच साधन असतं. ब्रिटिश बॉम्बर कमांडला १४ फेब्रुवारी १९४२ ला मिळालेल्या आदेशात शत्रूच्या नागरी जनतेचं, विशेषतः कारखान्यांतल्या कामगारांचं, मनोधैर्य हेच लक्ष्य म्हणून सांगितलेलं होतं. पुढच्या वर्षी जुलैत एकट्या हॅम्बुर्गमध्ये पस्तीस हजारांहून जास्त माणसं गेली. मार्च १९४५ मध्ये टोकियोत एका रात्रीत सुमारे एक लाख. ही माणसं चुकून मेली असं म्हणणारा खोटं बोलतो. फोर्डचं सगळ्यात मोठं म्हणणं तेच होतं. ज्याच्यासाठी विमान उडवलं, तेच ‘हेतूबाहेरचं’ म्हणून खपवता येणार नाही.

मी कॅथलिक नाही. आमच्या भागात कॅथलिक थोडेच. पण हा भेद समजायला बाप्तिस्मा लागत नाही.

आणि या विचाराचा मान राखायचा तर त्या चर्चची चूकही सांगितली पाहिजे. गेर्निका हे स्पेनच्या बास्क मुलखातलं छोटं गाव. २६ एप्रिल १९३७, सोमवार. बाजाराचा दिवस. बाजाराच्या दिवशी गावात कोण असतं, ते कनेरगावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. स्पेनच्या यादवीत बंडखोर सेनापती फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मन आणि इटालियन विमानांनी तीन तासांहून जास्त वेळ ते गाव फोडलं आणि पेटवलं. अल्बेर्तो ओनाइंदिया हा बास्क पाद्री तिथे होता. त्याने पॅरिसला जाऊन पाहिलेलं सांगितलं. फ्रँकोचे लोक म्हणाले, गाव लालभाईंनीच जाळलं. १ जुलैला स्पेनच्या बहुतेक बिशपांनी जगभरच्या बिशपांना सामूहिक पत्र लिहून फ्रँकोची पाठराखण केली. गेर्निका ज्या धर्मप्रांतात येत होतं, त्या व्हितोरियाचे बिशप मातेओ मुहिका परागंदा होते. त्यांनी सही केली नाही. पाद्र्याने डोळ्यांनी पाहिलेलं बिशपांना नको होतं, कारण विमानं ‘आपल्या’ बाजूची होती. सगळा घोटाळा इथेच होतो. शत्रूने जाळलेलं शहर सगळ्यांना दिसतं.

नागासाकीचं उराकामी बघा. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती तेव्हा अडीचशे वर्षं, पाद्र्याशिवाय, चोरून प्रार्थना जपलेल्या घराण्यांची ती वस्ती. बंदी उठल्यावर त्यांनी तिथे विटांचं मोठं कॅथेड्रल बांधलं. ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब त्यांच्याच डोक्यावर फुटला. सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार गेले. आत पापनिवेदन ऐकत असलेले पाद्रीही गेले. विमानाचा वैमानिक चार्ल्स स्वीनी कॅथलिक होता. त्या तुकडीचा धर्मगुरू जॉर्ज झाबेल्काही कॅथलिक. झाबेल्काने पुढे जाहीरपणे पश्चात्ताप केला. शहरांवर बॉम्ब टाकणाऱ्या पोरांना आपण तेव्हा एका शब्दानेही अडवलं नाही, हे त्याने उरलेलं आयुष्य लोकांना सांगितलं. मरणारे कॅथलिक होते म्हणून हा गुन्हा मोठा होत नाही. मारणाऱ्याला आणि मरणाऱ्याला एकच धर्म, एकच प्रार्थना असूनही बॉम्ब पडायचा राहिला नाही, हे मात्र लक्षात ठेवावं.

१९५६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ अणुबॉम्ब टाकायचा हुकूम देणाऱ्या ट्रुमन यांना मानद पदवी द्यायला निघालं, तेव्हा एलिझाबेथ ॲन्स्कम ही कॅथलिक तत्त्वज्ञ जवळजवळ एकटी उभी राहिली. निरपराध माणसांना साधन म्हणून मारायचं ठरवणं म्हणजे खून, आणि खुनाला पदवी नसते, हे तिचं म्हणणं. पदवी दिली गेली. पण ॲन्स्कमचं म्हणणं कुणाला खोडता आलेलं नाही.

चर्चने अधिकृतपणे बोलायला आणखी नऊ वर्षं घेतली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ ला संमत केलेल्या दस्तऐवजात स्पष्ट सांगितलं की अख्खी शहरं किंवा मोठे प्रदेश रहिवाशांसकट सरसकट नष्ट करणारी युद्धकृती हा देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध गुन्हा आहे. कुणाच्या शहरावर, हे त्यात लिहिलेलं नाही. न्याय्य युद्ध लढणाऱ्याला सूट आहे, असंही नाही. त्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप पॉल सहावे आपल्या मुंबईत आले होते. शस्त्रांवरच्या खर्चातला वाटा काढून गरीब देशांसाठी जागतिक निधी उभारा, हे आवाहन त्यांनी जगाला मुंबईतून केलं. आपण मात्र ते विसरून गेलो.

शहरं न जाळता युद्ध जिंकताच येत नाही, असं म्हणणाऱ्याने आपल्याच आसपास बघावं.

सप्टेंबर १९४८. रझाकारांच्या छळाला कंटाळून निजामाच्या मुलखातली माणसं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात आसरा घेत होती. १३ तारखेला भारतीय फौजा शिरल्या. विमानांनी धावपट्ट्या आणि लष्करी ठाणी लक्ष्य केली. लाखोंच्या वस्तीचं हैदराबाद शहर राखेत न घालता १७ तारखेला निजामाने हात टेकले. इथवर अभिमानाने सांगावं असं. पुढचं आपण सांगत नाही. त्यानंतर जमिनीवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मुलूख फिरून सरकारला जो अहवाल दिला, त्यात मेलेल्यांचा आकडा कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार धरला आहे, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद आहेत. नांदेड तर आमचा शेजारी जिल्हा. मेलेल्यांत बहुतेक मुसलमान. त्यातले रझाकार किती आणि शिंपी, विणकर, टांगेवाले किती? विमान नव्हतं तिथे. हिशेब मात्र हॅम्बुर्गचाच होता. ‘ते सगळे सारखेच.’

गोवा, १८ डिसेंबर १९६१. आपल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली, आणि विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही अशी त्यांना सक्त सूचना होती. हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र बंद पाडलं. पलीकडे लिस्बनमध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, कोवळ्या वयात सेमिनरीत शिकलेला माणूस, गोव्यातल्या आपल्या फौजेला कळवत होता की शरणागती नाही, एक तर विजयी सैनिक नाही तर मेलेले. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा याने तो हुकूम मानला नाही. पणजीची रणभूमी करायला त्याने नकार दिला आणि १९ तारखेला शरणागती पत्करली. दोन्ही बाजूंची मिळून पन्नासच्या आसपास माणसं गेली. पोर्तुगालने त्याला १९६३ मध्ये लष्करातून हाकललं. सालाझारची राजवट कोसळल्यावर, १९७४ नंतर, त्याला त्याचा हुद्दा परत मिळाला. १९८० मध्ये तो गोव्यात आला तेव्हा गोवेकरांनी त्याचं मनापासून स्वागत केलं. ज्याने आपलं शहर वाचवलं तो शत्रूच्या बाजूचा होता, हे गोव्याला कळलं होतं.

आता अलीकडचं. ७ मे २०२५, पुंछ. पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात दोन मुलं गेली. तिथल्या कार्मेलाइट धर्मगुरूंच्या ख्राइस्ट स्कूलमध्ये शिकणारी. कार्मेल सिस्टर्सच्या मठावरही गोळा पडला. परराष्ट्र सचिवांनी दोन दिवसांनी हे देशाला सांगितलं. फोर्डच्या यादीतली सात वर्षांपुढची पोरं ती हीच. हा गुन्हाच, आणि तो करणाऱ्याला जगापुढे उभं केलं पाहिजे.

पण त्याच आठवड्यात काय चाललं होतं? सरकार आपण हल्ला केलेल्या नऊ ठिकाणांची नावं घेऊन सांगत होतं की आमचं लक्ष्य दहशतवाद्यांचे तळ. आणि ८ तारखेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर बेचिराख झाल्याची खोटी बातमी आनंदाने ओरडून सांगितली. सैन्याने तळ सांगितले, स्टुडिओला शहर हवं होतं. १९७१ च्या डिसेंबरात आपल्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर खरोखर गेल्या होत्या. त्यांचा नेम युद्धनौकांवर आणि किमाडीच्या तेलटाक्यांवर होता. शहरात किती मेले याची जाहिरात करावीशी तेव्हाच्या आरमाराला वाटली नाही.

कराचीत कोण राहतं? गणपती बसवणारी मराठी घरं आहेत. सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलला जाणारे गोवेकर कॅथलिक आहेत. पाकिस्तानचे पहिले कार्डिनल जोसेफ कोर्देरो मुंबईत जन्मले होते. पूर्वीच्या बंदर रोडवर १८५५ मध्ये सुरू झालेली सिंधमधली पहिली सरकारी शाळा उभी आहे. ती नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. आणि हे सगळे नसते, एकही मराठी, एकही कॅथलिक, एकही ओळखीचा माणूस तिथे नसता, तरी पंक्चर काढणारं पोरगं होतंच, हमाल होताच, शाळेत बाई होत्याच.

‘कराची उडवा’ म्हणणाऱ्याने आधी सांगावं, वैद्यांच्या शाळेतला कितवीचा वर्ग. पुंछच्या त्या दोन पोरांना पुढे करून कुणी तो वर्ग मागणार असेल, तर त्याला चारचौघांत, तोंडावर, नाही म्हणायला हवं. मी म्हटलं आहे, आणि पुढेही म्हणेन.