कांगारू नव्हे, वॉलबी!

मेलबर्नला उतरलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी हटकून मिळतात: कुणाचं तरी जुनं जाड जाकीट, ट्रामचं मायकी कार्ड आणि एक वॉलबीवाले काका. पहिल्या दोन गोष्टी जाताना परत करता येतात.

हे काका प्रत्येक उपनगरात एक असतात. वय साठीच्या आसपास, इकडे येऊन पाव शतक झालेलं, डोक्यावर रुंद काठाची टोपी, गळ्यात दुर्बीण. मुलं मार्गी लागली, घराचं कर्ज फिटलं आणि रविवार रिकामे पडू लागले, की यांना कंठ फुटतो. भारतातून कुणाचे आई-वडील सहा महिन्यांसाठी आले, की त्यांना फिलिप आयलंडला पेंग्विन दाखवण्याची जबाबदारी काका न सांगता उचलतात. पेंग्विन किनाऱ्यावर येतात सूर्यास्तानंतर. त्यामुळे बेटावर शिरताना उन्हं कललेली असतात आणि नेमक्या त्याच वेळी रस्त्याकडेच्या झुडपांतून एक काळपट तपकिरी, छातीपोटाशी तांबूस असं ध्यान चरायला बाहेर पडतं. मागच्या सीटवरून आजोबा हर्षानं ओरडतात, "अगं, ते बघ कांगारू!"

काकांनी सकाळपासून या एका शब्दासाठी गाडी चालवलेली असते.

"कांगारू नव्हे," ते ब्रेक दाबत म्हणतात, "वॉलबी. स्वॉम्प वॉलबी." पायरीला हापूस म्हटल्यावर रत्नागिरीकराच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते या क्षणी काकांच्या चेहऱ्यावर असतं. वर वर दुःख, आतून परमानंद.

मग वर्ग भरतो. कांगारू पाहा, सहसा एकाच रंगाचा. वॉलबीच्या अंगावर दोन-तीन रंग आणि गालावर फिकट पट्टा. कांगारूचा गुडघ्याखालचा पाय लांबलचक, उघड्या माळावर पल्ला गाठण्यासाठी. वॉलबी आटोपशीर, कारण तिला झाडाझुडपांतून वळणं घेत निसटायचं असतं. तांबडा नर कांगारू 85 किलोपर्यंत भरतो, ही बाई वीसच्या आतच. आणि चाल बघा! स्वॉम्प वॉलबी उड्या मारते ती डोकं खाली घालून आणि शेपूट मागे सरळ ताठ ठेवून. "लांबून नुसती चाल बघून सांगतो मी," असं काका म्हणतात, आणि हे मात्र खरं आहे. ते सांगतात आणि बरोबर सांगतात.

खरी गोम वेगळीच आहे. कांगारू आणि वॉलबी यांच्यात निसर्गानं अशी काही भिंत घातलेलीच नाही. दोन्ही एकाच कुळातली, मोठ्या पावलांच्या मॅक्रोपॉडांच्या. थोरल्यांना कांगारू म्हणायचं, धाकट्यांना वॉलबी, इतकाच काय तो व्यवहार. मधल्या मापाचा निघाला, तर वॉलरू म्हणून तह करायचा. कितीतरी वॉलबी आत्ताआत्तापर्यंत थोरल्या कांगारूंच्याच मॅक्रोपस या शाखेत नांदत होत्या. म्हणजे काका इतकी वर्षं ज्या सीमेवर पहारा देताहेत, ती सीमा मुळात तराजूवर आखलेली आहे. हे त्यांना कुणी सांगत नाही. परतीच्या प्रवासालाही गाडी त्यांचीच असते.

त्यातून क्वीन्सलंडच्या पावसाळी रानात लुमहोल्ट्झचा वृक्ष-कांगारू राहतो. वजन जेमतेम सात-आठ किलो आणि नाव कांगारू! शिवाय बाकीच्या भाऊबंदांना जमिनीवर मागचे पाय एकेक करून टाकता येत नाहीत (पोहताना मात्र येतात), तर हा गडी फांदीवर एकामागून एक पाय टाकत आरामात चालतो. पुढचे पाय दणकट, मागचे आखूड. काकांचा एकही नियम तो पाळत नाही. त्याचा विषय निघाला, की काका थर्मास उघडून सगळ्यांना चहा विचारतात.

पण माणूस पायांवर बोलायला लागला, की ऐकावं. वॉलबीच्या मागच्या पावलात चौथं बोट सर्वांत लांब आणि भक्कम, उडीचा सगळा भार त्याच्यावर. दुसरं आणि तिसरं बोट मात्र एकाच कातडीत शिवल्यासारखी जुळलेली. बाहेर फक्त दोन नखं डोकावतात, आणि त्या नखांनी ती अंगावरचे केस विंचरते. खडकांवर राहणाऱ्या रॉक-वॉलबीचं पाऊल आणखी निराळं: तळवा गादीसारखा आणि खरबरीत, नखं आखूड, त्यामुळे कड्यावर पकड सुटत नाही. फ्लिंडर्स रेंजेसमधल्या पिवळ्या पायांच्या रॉक-वॉलबीच्या शेपटीवर वळ्यावळ्यांचे पट्टे असतात. काकांच्या दिवाणखान्यात तिचा फोटो लग्नाच्या फोटोपेक्षा मोठा आहे.

शेपटीचं प्रकरण तर त्यांनी एका गणेशोत्सवात सप्रयोग मांडलं होतं. कांगारू सावकाश चरत पुढे सरकतो, तेव्हा पुढचे दोन पाय टेकतो, शेपूट जमिनीवर रोवतो आणि तिच्या जोरावर मागचे दोन्ही पाय एकदम पुढे घेतो. शेपूट नुसता टेकू नाही. तांबड्या कांगारूंवर झालेल्या 2014 च्या अभ्यासात असं दिसलं, की पुढे ढकलण्याचं जितकं काम बाकीचे चार पाय मिळून करतात, तितकं एकटी शेपूट करते. हे दाखवायला काकांनी सतरंजीवर दोन्ही हात टेकले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की पाचव्या पायाची सोय आपल्याकडे नाही. दोन तरुणांनी त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. आरती दहा मिनिटं उशिरा झाली.

श्रोत्यांच्याही तऱ्हा असतात. नॅबर्लेक नावाच्या उत्तरेकडच्या चिमुकल्या रॉक-वॉलबीच्या दाढा पुढे सरकत सरकत झिजून गळतात आणि मागून नव्या येतच राहतात, जन्मभर. हे ऐकून आजोबा बराच वेळ जिभेनं कवळी चाचपत बसतात. रशियन संशोधकांनी 2015 साली दाखवून दिलं, की लाल मानेची वॉलबी पानं तोडण्यासारखं नाजूक काम डाव्या हातानं करते आणि जोराचं काम उजव्यानं. आजींना हे पटत नाही. "डाव्या हातानं खाते? आणि आई काही बोलत नाही?" नेल-टेल वॉलबीच्या शेपटीच्या टोकाला चक्क नखासारखा काटा असतो. तो कशासाठी, हे शास्त्रालाही नीटसं उमगलेलं नाही. काकांची तीन उत्तरं तयार आहेत.

पोटपिशवीचा तास काका थोडा घाईनं उरकतात. पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम ग्रॅमभराचं, आंधळं आणि उघडं. स्वतःच्या पुढच्या पायांनी आईच्या केसांतून चढत पिशवीत पोचतं आणि चारपैकी एक आचळ धरतं. बाहेर पडू लागलेलं थोरलं दुसऱ्या आचळाला येऊन पितं, आणि दोघांना एकाच आईकडून वेगवेगळ्या प्रतीचं दूध मिळतं. इथवर ठीक असतं. पण स्वॉम्प वॉलबीची मादी आधीचं बाळंतपण होण्याआधीच पुढचा गर्भ धरते, हे 2020 साली उजेडात आलेलं शास्त्र काका फक्त पुरुष मंडळींना, कार पार्कच्या कडेला, आवाज खाली आणून सांगतात. तिकडे गाडीत काकूंनी ते सगळ्या बायकांना केव्हाच सांगून टाकलेलं असतं.

काकू हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. या व्याख्यानांना त्यांची एकच पुरवणी असते. स्वॉम्प वॉलबीत मादीची गुणसूत्रं 10 आणि नराची 11, असं काका अभिमानानं सांगतात, तेव्हा त्या डब्याचं झाकण लावत म्हणतात, "एक जास्त आहे, पण पिशवी नाही."

एका बाबतीत मात्र मी काकांच्या बाजूचा आहे. कुठल्याशा आजी प्रेमानं तुपाची पोळी पुढे करत वॉलबीकडे निघतात आणि हा गप्पिष्ट माणूस एकदम कडक होतो. पोळी, पाव असलं मऊ चिकट खाणं यांच्या दातांत अडकतं, हिरड्यांना इजा होते, जबडा पिकतो आणि त्यात जनावर मरूसुद्धा शकतं. "पाहुणा आपण आहोत, ती नाही," असं ते म्हणतात. त्या वेळी त्यांच्या आवाजात फुशारकी औषधालाही नसते. आजी पोळी परत डब्यात ठेवतात. आजोबा ती खातात.

अंधार पडतो. सगळे पायऱ्यांवर जाऊन बसतात, समुद्रातून पांढऱ्या पोटांची ओळ डुलत वर येते आणि आजी हरखून म्हणतात, "अगंबाई, पेंग्विन!" काका घड्याळ बघतात, जांभई देतात आणि गाडीत जाऊन बसतो म्हणतात. पेंग्विनमध्ये त्यांना कधीच रस वाटलेला नाही. पेंग्विनला लोक पहिल्याच फटक्यात पेंग्विन म्हणतात.